दहावीचं इंग्रजी, सिम नसलेल्या फोनवर

दिवाळीला गावी गेलो होतो, केज तालुक्यात. भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी काका-काकूंची टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडी, पिठाचे डबे, एक शेळी असा सगळा संसार चढला. घरातला एकमेव धड फोन काकांच्या खिशात गेला, कारण मुकादमाचा कॉल त्याच नंबरवर येतो. मागे राहिली आजी आणि दहावीतली माझी चुलत बहीण.

ट्रॉली दिसेनाशी झाल्यावर ती आतून एक जुना फोन घेऊन आली. काचेला तडा गेलेला, सिम नाही, पण चार्ज होतो. म्हणाली, "दादा, यात इंग्रजीचं काहीतरी भरून दे ना. कवितेचा प्रश्न मी दर वेळी सोडूनच देते."

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. मी रोज पुण्यात बसून ॲप बनवतो, एक फोन भरायला किती वेळ लागणार? दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत काय चाललं, काय फसलं आणि का, ते इथे लिहितोय. तुमच्याही घरात दहावीचं कुणी असेल, किंवा तुम्हीच दहावीत असाल, तर उपयोगी पडेल. नेट भरपूर असलं तरी वाचा. नेट भरपूर असणाऱ्यांचे प्रश्न थोडे वेगळे असतात, पण असतातच.

बीडबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे हंगाम आणि अभ्यास एकाच वेळी रंगात येतात. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ. फोन मात्र बहुतेक वेळा फडावर जातो. त्यामुळे "यूट्यूबवर सगळं फुकट आहे की" हे वाक्य आमच्याकडे अर्धंच खरं आहे.

आधी पुस्तक ओळखा

पहिली चूक माझीच. वायफायवर बसून दहावी इंग्रजीचे कवितांचे व्हिडिओ शोधले, चांगले पंधरा-वीस उतरवले आणि ऐटीत तिला दाखवले. तिने दोन पाहिले आणि म्हणाली, "ही कविता आमच्या पुस्तकात नाहीच."

झालं असं की, महाराष्ट्र बोर्डाचं दहावीचं इंग्रजी म्हणजे एकच पुस्तक नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना 'माय इंग्लिश कोर्सबुक' असतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना 'इंग्लिश कुमारभारती'. दोन्ही बालभारतीचीच, दोन्ही दहावीचीच, पण धडे-कविता वेगळ्या आणि कृतिपत्रिकाही वेगळी. त्यात सीबीएसईचं तिसरंच पुस्तक. व्हिडिओ बनवणारे शीर्षकात ठळक 'क्लास टेन इंग्लिश पोएम' लिहितात आणि पुस्तकाचं नाव कुठेतरी खाली टाकतात, किंवा टाकतच नाहीत. शोधयंत्राला तरी काय कळणार, ते शब्द जुळवतं.

म्हणून शोधताना इयत्तेबरोबर पुस्तकाचं पूर्ण नाव आणि धड्याचा क्रमांक टाका. पुस्तकातला क्रमांक आणि व्हिडिओतला क्रमांक जुळला नाही तर पुढे जाऊच नका. एखादी कथा दोन बोर्डांत सारखी सापडली तरी प्रश्न विचारायची पद्धत निराळी असते. आमच्या घरी एका सशुल्क ॲपचं वर्षाचं वर्गणीचं पॅकही घेतलेलं निघालं. कुणीतरी दारावर येऊन गळ्यात मारलं होतं. त्यात मराठी माध्यमाचं इंग्रजी नव्हतंच. पैसे काकांच्या उचलीतले.

पुस्तक ओळखलं की बाकी सोपं. बालभारतीच्या ई-बालभारती संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. आधी ती एक फाईल फोनमध्ये टाका, मग बाकीचं.

किती गुणांची गोष्ट आहे?

कवितेचा प्रश्न सोडून दिल्याने किती जातं, हे तिला माहीतच नव्हतं. मग आम्ही कृतिपत्रिकेचा आराखडा घेऊन बसलो. मराठी माध्यमाच्या या विषयाचा लेखी पेपर ८० गुणांचा, उरलेले २० तोंडी आणि अंतर्गत. लेखीतले १० गुण भाषाभ्यासाचे, २० पुस्तकातल्या गद्य उताऱ्यांचे, १० कवितेचे, १५ पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचे, २० लेखनकौशल्याचे आणि ५ भाषांतराचे.

कवितेच्या १० पैकी ५ गुण रसग्रहणाचे. तिथे कवितेचं नाव अर्धा गुण, कवीचं नाव अर्धा गुण, यमकाची रचना एक गुण, एक अलंकार एक गुण, आणि मध्यवर्ती कल्पना दोन-तीन वाक्यांत, तिचे दोन गुण. हे वाचल्यावर ती गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे नाव-बिव लिहिलं तरी एक गुण होता?" होता. पहिले तीन गुण तर पूर्ण आधी तयार करून ठेवण्यासारखे आहेत, कारण कविता पुस्तकातल्याच येतात. सगळ्यात भीती वाटणारा प्रश्न हाच सगळ्यात आधी हातात येणारा आहे. शिकवताना हे उलटं सांगितलं जातं, असं माझं मत.

क्यूआर कोडमध्ये व्हिडिओ नसतो

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात. बहिणीला वाटत होतं की धडा त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात भरलेला असतो, आणि फोनला नेट नसलं तरी तो बाहेर काढता येईल. असं वाटणाऱ्या पदवीधरांनाही मी भेटलोय.

क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने गाड्यांच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी बनवला. त्यात मावतो तो थोडासा मजकूर. पुस्तकातल्या कोडमध्ये असतो फक्त पत्ता, जसं पाकिटावर गावाचं नाव असतं आणि गाव पाकिटात नसतं. कॅमेरा तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन पाहून कोड कसा धरलाय ते ओळखतो, ठिपके वाचतो, पत्ता काढतो आणि नेटवरून त्या पत्त्यावर जातो. कोडमध्ये जादा माहिती मुद्दाम पेरलेली असते, त्यामुळे तो थोडा फाटला किंवा त्यावर चहा सांडला तरी वाचता येतो. कोड कुठल्या पातळीचा आहे त्यावर ७ ते ३० टक्क्यांपर्यंतचं नुकसान भरून निघतं. बहिणीच्या पुस्तकावर हळद सांडलेली होती, तरी कोड चालला.

हा पत्ता नेतो 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावर. ते ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, सुरू झालं. ॲप मोफत आहे, लॉगिन न करताही बघता येतं. बोर्ड, माध्यम आणि इयत्ता निवडा. कॅमेरा खराब असेल तरी अडत नाही. कोडच्या खाली सहा अक्षरी-अंकी संकेत छापलेला असतो, तो शोधपट्टीत टाइप केला की त्याच जागी पोचता. तडा गेलेल्या फोनवर आम्ही तेच केलं.

आता कामाची गोष्ट. दीक्षावरचा बराचसा मजकूर ॲपमध्ये डाउनलोड करून नेटशिवाय बघता येतो. आणि आमच्या फोनवरच्या आवृत्तीत शेअर करताना लिंकऐवजी फाईल पाठवायचाही पर्याय मिळाला. त्या फाईलच्या शेवटी 'ईसीएआर' असं येतं. मी सवयीप्रमाणे ती उघडून पाहिली, तर आत साधी झिप निघाली: एक यादीची फाईल आणि बाजूला व्हिडिओ, चित्रं वगैरे. म्हणजे ही फाईल ब्लूटूथने, मेमरी कार्डने, कशीही दुसऱ्या फोनवर न्या. तिथे दीक्षा ॲप असलं की बस्स, नेट लागत नाही. एका मास्तरांनी शाळेच्या वायफायवर एकदा उतरवलं तर अख्ख्या वर्गाला वाटता येईल. हे मला माहीत नव्हतं, आणि मी याच धंद्यात आहे.

एक अडचण आहे. दीक्षावर दिसणारे काही व्हिडिओ मुळात यूट्यूबवर ठेवलेले असतात. ते डाउनलोड होत नाहीत, नुसते नेटवर चालतात. आणि यूट्यूबच्या ॲपमधले 'ऑफलाइन' व्हिडिओही कायमचे नसतात. ठरावीक काळाने फोन नेटला जोडला नाही तर ते उघडायचे बंद होतात. सिम नसलेल्या फोनवर ही मोठी फसगत. डिसेंबरात चालणारा व्हिडिओ ऐन परीक्षेच्या आधी रुसून बसतो. म्हणून डाउनलोड झालं की लगेच वायफाय बंद करा, फोन रीस्टार्ट करा आणि एकेक उघडून बघा. आम्ही बघितलं, तेव्हा अकरापैकी चार उघडलेच नाहीत.

व्हिडिओ जड, शब्द हलके

थोडा हिशेब करू. चोवीस ओळींची कविता म्हणजे हजारेक अक्षरं, म्हणजे साधारण १ केबी. तीच कविता कुणी तीन मिनिटांत वाचून दाखवली आणि आवाज ६४ केबीपीएसने साठवला, तर सुमारे १.४ एमबी. तिच्यावरचा दहा मिनिटांचा कमी दर्जाचा व्हिडिओ ४५ एमबीच्या आसपास. असे वीस व्हिडिओ घेतले की ९०० एमबी गेले, आणि जुन्या फोनची निम्मी जागा तिथेच संपते. त्या जागेत कवितांचं वाचन सहाशेच्या वर बसेल. शब्द तर मोजूच नका.

म्हणून मी बहुतेक व्हिडिओ उडवले आणि आवाज ठेवला. जुन्या इंग्रजी कवितांसाठी दोन जागा माहीत असाव्यात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ मध्ये सुरू झाला, तिथे कॉपीराइट संपलेली पुस्तकं साध्या मजकुरात मिळतात. लिब्रिव्हॉक्स २००५ चा, तिथे जगभरातले हौशी लोक तीच पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत आणि फाईल तुमच्याजवळ कायमची राहते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे १८९२ मध्ये गेलेला वॉल्ट व्हिटमन तिथे सापडतो, आणि आजच्या लेखकांच्या गोष्टी सापडत नाहीत. त्या पुस्तकातूनच वाचायच्या.

वाचून दाखवणारं कुणी नसेल तर फोनच वाचतो. सेटिंगमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' शोधा, भाषा 'इंग्लिश इंडिया' निवडा आणि आवाजाचा डेटा एकदा उतरवून घ्या. मग नेट नसतानाही फोन मजकूर वाचतो. ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' चालू केलं की पीडीएफमधल्या परिच्छेदावर बोट ठेवायचं आणि ऐकायचं. वेग थोडा कमी करा. गद्य धड्यासाठी हे फार छान आहे. भाकरी थापताथापता ती आता धडे ऐकते. कवितेला मात्र यंत्राचा आवाज थोडा कोरडा पडतो. ओळ कुठे तोडायची आणि श्वास कुठे घ्यायचा हे त्याला नेहमी उमगत नाही.

यमक कानाचं, डोळ्याचं नाही

रसग्रहणातल्या त्या एका गुणाकडे येतो, कारण दोन दिवसांतली खरी गंमत इथेच झाली.

यमकाची रचना लिहायची म्हणजे ओळींचे शेवटचे शब्द जुळवून ए, बी अशी अक्षरं द्यायची. बहीण स्पेलिंग बघून जुळवत होती. इंग्रजीत इथेच घात होतो. 'लव्ह' आणि 'मूव्ह' या दोन शब्दांची शेपटी स्पेलिंगमध्ये अगदी सारखी, उच्चार मात्र वेगळा. 'हिअर' आणि 'बेअर' तसेच. 'गुड' आणि 'फूड' तसेच. उलट 'ब्लू', 'शू' आणि 'टू' यांची स्पेलिंगं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत, पण यमक पक्कं. 'हार्ट' आणि 'पार्ट'चंही तेच.

मी तिला म्हटलं, ओळीचा शेवटचा शब्द समासात मराठी लिपीत लिही. तिने लिहिले आणि खाली खाली नजर फिरवली. "अरे, हे तर दिसतंय की!" दिसणारच. देवनागरी उच्चार लिहिते. इंग्रजीचं स्पेलिंग शेकडो वर्षांपूर्वीचं, उच्चार नंतर बदलत गेले आणि स्पेलिंग तिथेच थांबलं. मराठी माध्यमाच्या पोराकडे जन्मापासून हे यमक ओळखायचं यंत्र आहे आणि आपण त्यालाच इंग्रजीत कच्चा म्हणतो. फक्त उच्चार नक्की करून घ्या, नाहीतर चुकीचा उच्चार देवनागरीत चुकीचाच दिसेल. त्यासाठी शब्द निवडा आणि फोनकडून एकदा म्हणवून घ्या.

अलंकारांचंही तसंच. ती 'सिमिली', 'मेटाफर' ही नावं पाढ्यासारखी पाठ करत होती आणि उपमा-रूपक मराठीच्या तासाला वेगळे शिकली होती. दोन्ही एकच आहेत हे कुणी जोडून दिलं नव्हतं. मग आम्ही घरचीच वाक्यं केली. 'त्याचा कोयता विजेसारखा चालतो', ही उपमा. 'कोयता हीच त्याची लेखणी', हे रूपक. 'लादलेला ट्रॅक्टर कण्हत कण्हत घाट चढला', ही चेतनगुणोक्ती, इंग्रजीत पर्सॉनिफिकेशन. एकाच आवाजाची अक्षरं जवळजवळ आली की अनुप्रास, त्यांचं ॲलिटरेशन. आता नाव इंग्रजीत लिहायला शिकायचं एवढंच उरतं. एक मात्र लक्षात ठेवा, नुसतं अलंकाराचं नाव लिहून भागत नाही. कवितेतली कुठली ओळ आणि त्यात कशाची तुलना कशाशी, हेही लिहावं लागतं.

भाषांतराचं ॲप कवितेला अडखळतं

मध्यवर्ती कल्पना कळायला आधी कविता कळली पाहिजे. बहुतेक मुलं काय करतात? कॅमेरा कवितेवर धरतात, स्क्रीनवर मराठी उमटतं, ते वाचून जास्तच गोंधळतात. यात ॲप वाईट आहे असं नाही. कॅमेऱ्याने मजकूर उचलताना प्रत्येक ओळ वेगळी धरली जाऊ शकते. कवितेत वाक्य एका ओळीत संपत नाही, दोन-तीन ओळी चालतं. मग ॲप अर्ध्या वाक्याचं भाषांतर करतं, पुन्हा उरलेल्या अर्ध्याचं. यावर उपाय साधा आहे. पूर्णविराम येईपर्यंतच्या ओळी सलग एका वाक्यासारख्या टाइप करा आणि मग भाषांतर मागा. फरक लगेच दिसतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि इंग्रजीचे ऑफलाइन संच एकदा उतरवले की हे नेटशिवायही चालतं, फक्त दर्जा थोडा उतरतो.

पण शब्द कळले म्हणजे कविता कळली असं नाही. व्हिटमनची 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' ही जगभर शाळांत शिकवली जाणारी कविता घ्या. कुठलंही भाषांतर सांगेल की एक जहाज बंदराला पोचलंय आणि कप्तान मेलाय. दहावीतला मुलगा लिहितो, 'ही कविता जहाजाबद्दल आहे'. गुण गेले. कविता आहे १८६५ ची. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत होतं आणि १४ एप्रिलला अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. कप्तान म्हणजे लिंकन, जहाज म्हणजे देश, आणि वादळी प्रवास म्हणजे युद्ध. विजय मिळाला आणि मिळवून देणारा त्याच क्षणी गेला, अशी ती कोंडी आहे. हे दोन वाक्यांत लिहिलं की मध्यवर्ती कल्पना झाली. बहिणीला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे लग्न लागलं आणि बाप गेला, तसं." मला याच्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

तर प्रत्येक कवितेसाठी तीन गोष्टी शोधायच्या: कधी लिहिली, तेव्हा काय चाललं होतं, आणि कोण कुणाशी बोलतंय. नेट मिळेल त्या दिवशी हे शोधून वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या की पुन्हा नेट लागत नाही.

एआय चॅटबॉट वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. नुसतं कवितेचं नाव देऊन रसग्रहण मागितलं तर तो कधीकधी भलत्याच कवितेच्या ओळी आत्मविश्वासाने लिहून देतो. पुस्तकातली कविता स्वतः टाइप करून द्या, मग विचारा. यमकाची रचना तर त्याच्याकडून तपासून घेतल्याशिवाय लिहूच नका, असं म्हणणार होतो, पण उलटच आहे: त्याने दिलेली तुम्ही तपासा. हे मॉडेल शब्दांचे तुकडे हाताळतं, आवाज ऐकत नाही, त्यामुळे 'लव्ह-मूव्ह'च्या खड्ड्यात तेही पडतं. त्याचा खरा उपयोग प्रश्न विचारायला आहे. 'या धड्यावर मला एकेक प्रश्न विचार, मी उत्तर लिहीन, चुका दाखव', असं सांगा. उत्तर लिहून मागण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

लग्नपत्रिकांची कार्डं

आता लक्षात ठेवायचं कसं? तिची पद्धत तुमच्या-माझ्यासारखीच: धडा पुन्हा पुन्हा वाचायचा, खालच्या ओळींवर रेघा मारायच्या. यात फसवणूक अशी की वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याचा प्रयोग छापला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

आठवून बघायचं सोपं हत्यार म्हणजे कार्ड. पुढे प्रश्न, मागे उत्तर. आलं तर ते कार्ड उशिरा परत बघायचं, नाही आलं तर उद्याच. 'ॲन्किड्रॉइड' हे अँड्रॉइडवरचं मोफत ॲप हा हिशेब आपोआप ठेवतं आणि नेट मागत नाही. मी हौसेने ते टाकायला गेलो, तर जुन्या अँड्रॉइडवर नवी आवृत्ती बसेना. दोन तास झटापट केली. आजी बघत होती. शेवटी ती आतून गेल्या दोन हंगामांतल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली. "याच्या मागं लिहा की."

लिहिलं. पत्रिकेची कोरी बाजू जाड असते, पेन उमटत नाही, आकारही बरोबर. मिठाईचे तीन डबे घेतले: रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा. कार्ड आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की परत रोजच्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ च्या पुस्तकात मांडलेली, आणि ॲपवाल्यांची कार्डंही त्याच कल्पनेवर चालतात. अभियंता म्हणून थोडं वाईट वाटलं, पण डब्याला चार्जिंग लागत नाही.

(आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. साधारण चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं, सोबत आकृत्या काढल्या. अवघड विषय डोळ्यांसमोर पसरून ठेवायची आमच्याकडची परंपरा चारशे वर्षांची आहे, पत्रिका त्यातलीच म्हणायची.)

एका कवितेची पाच कार्डं करायची, रसग्रहणाच्या पाच मुद्द्यांची. धड्याची तीन पुरतात: कोण, काय झालं, का झालं. भाषांतराच्या ५ गुणांसाठी म्हणींचीही कार्डं करा. कार्ड दुसऱ्याने केलेलं घेऊ नका. मीच काही करून दिली होती, त्यातली तिला एकही आठवेना. स्वतः लिहिलेली आठवतात.

शेवटी फोनमध्ये राहिलं ते असं: पुस्तकाची पीडीएफ, दीक्षाच्या सात फाईली, कवितांचे आवाज, ऑफलाइन भाषांतर, आणि बोर्डाच्या जुन्या कृतिपत्रिका. सगळं मिळून दीड जीबीच्या आत. मी निघायच्या आदल्या दिवशी तिच्या वर्गातल्या तिघी आल्या. अँड्रॉइडचं 'क्विक शेअर' नेटशिवाय फोन ते फोन चालतं, तेच वापरून अंगणात बसून अर्ध्या तासात सगळं वाटून झालं. त्यातली एक पुढच्या आठवड्यात आईबापांकडे फडावर जाणार होती. तिने मेमरी कार्ड फोनमधून काढून रुमालाच्या गाठीत बांधलं, कारण फोन भावाचा होता.

परवा काकांच्या फोनवरून बहिणीचा निरोप आला. ती रविवारी आजीबरोबर फडावर जाऊन आली होती, तेव्हाचा. व्हॉट्सॲपवर एका पत्रिकेचा फोटो होता, पाठीमागे माझ्या अक्षरातली यमकाची रचना आणि त्यावर लाल पेनाची फुली. खाली लिहिलं होतं, "दादा, तिसरी ओळ बी नाही, ए आहे. म्हणून बघ."

म्हणून बघितलं. ए आहे.